राजा मिलुतिन (१२८२–१३२१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन सर्बियावर नेमानिच घराण्याने दोनशे वर्षं राज्य केलं. त्यातल्या कोणत्याही राजापेक्षा मिलुतिन जास्त काळ, म्हणजे ३९ वर्षं, गादीवर होता. त्याच्याबद्दल वाचताना लग्नं, खाणी, युद्धं, चर्चेस असे तुकडे हाती येतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. संबंध आहे, आणि तो घट्ट आहे. गादीवरचा हक्क कच्चा होता, खाणींत चांदी होती, आणि कच्चा हक्क पक्का करायला ती चांदी सैन्यावर, सोयरिकींवर आणि देवस्थानांवर खर्च झाली. खालची उत्तरं याच दिशेने वाचावीत.

पुस्तकांत त्याला कधी स्टेफान, कधी उरोश, कधी मिलुतिन म्हणतात. हे एकच का?

एकच. त्याचं पूर्ण राजनाम ‘स्टेफान उरोश दुसरा’ आणि जवळचं नाव मिलुतिन. स्टेफान हे नाव घराण्यातला प्रत्येक राजा लावत असे, कारण संत स्टेफान हा राज्याचा रक्षक मानला जाई. म्हणून नुसत्या ‘स्टेफान’वरून काहीच ठरत नाही; क्रमांक पाहावा. उरोश पहिला (१२४३–१२७६) हा मिलुतिनचा बाप, उरोश तिसरा हा मुलगा स्टेफान देचान्स्की, आणि चौथा नातू दुशान, जो १३४६ मध्ये सम्राट झाला. बापानंतर गादीवर आलेला थोरला भाऊ द्रागुतिन (१२७६–१२८२) मात्र उरोश या क्रमात मोजला जात नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. नाण्यांवर आणि लॅटिन कागदांत मिलुतिन हे नाव सहसा सापडत नाही, ‘उरोसियुस’ सापडतं.

थोरला भाऊ जिवंत असताना गादी धाकट्याला कशी मिळाली?

१२७६ मध्ये द्रागुतिनने बापाविरुद्ध बंड केलं. त्याची बायको कातालिना हंगेरीच्या राजाची मुलगी. सासरचं सैन्य घेऊन त्याने गात्स्कोजवळ उरोश पहिल्याचा पराभव केला. बाप गादी सोडून संन्यासी झाला आणि लवकरच वारला. सहा वर्षांनी, १२८२ मध्ये, येलेचच्या किल्ल्याजवळ द्रागुतिन घोड्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. दुखापत गंभीर होती. आजच्या नोवी पाझारजवळ देझेवो इथे सरदार-धर्मगुरूंची सभा भरली आणि राज्य मिलुतिनकडे गेलं.

तिथल्या अटींवरूनच पुढे भांडण झालं. मिलुतिन आयुष्यभर राजा राहील, पण त्याच्यानंतर गादी द्रागुतिनच्या मुलाकडे, म्हणजे व्लादिस्लावकडे येईल, अशी द्रागुतिनची समजूत होती. मिलुतिनच्या बाजूने लिहिणारे ही अट गाळतात. दोन्ही भाऊ राजेच म्हणवत राहिले. उत्तरेचा आणि पश्चिमेचा काही भाग द्रागुतिनकडे राहिला, आणि १२८४ मध्ये हंगेरीच्या राजाने, म्हणजे मेहुण्याने, त्याला बेलग्रेड, माच्वा, उसोरा आणि सोली हे प्रदेश दिले. त्यामुळे १२८२ नंतर ‘सर्बियाचा राजा’ असं वाचलं की कोणता, हे दरवेळी तपासावं लागतं.

त्याची राजधानी कुठे होती?

कायमची राजधानी नव्हती. दरबार फिरता होता. कोसोवोच्या मैदानात आता आटून गेलेल्या एका तळ्याभोवती राजवाडे होते: पाउनी, स्व्र्चिन, श्तिम्ल्ये, नेरोदिम्ल्ये. १२८२ नंतर स्कोप्ये हे मोठं शहर हाती आलं आणि दरबाराचा मुक्काम तिथेही होऊ लागला.

स्कोप्ये त्याने नेमकं कसं घेतलं, आणि बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा पूर्व रोमन) सम्राट काय करत होता?

गादीवर येताच, त्याच वर्षी, मिलुतिन दक्षिणेला उतरला. स्कोप्ये, वरचं आणि खालचं पोलोग, ओव्चे पोल्ये, झ्लेतोवो, पियानेत्स असा पट्टा एका झपाट्यात हाती आला. सम्राट मायकेल आठवा तेव्हा पश्चिमेकडून येऊ घातलेल्या आंजूच्या चार्ल्सशी आणि थेसलीच्या शासकाशी झुंजण्यात गुंतला होता, आणि डिसेंबर १२८२ मध्ये मोहिमेवर असतानाच वारला. त्याने बोलावलेलं तातार सैन्य वारस आंद्रोनिकोस दुसऱ्याने सर्बियावर सोडलं. ते द्रिम नदीपर्यंत आलं. नदीला पूर होता, पार होताना बरेच बुडाले, उरलेले परतले. पुढच्या मोहिमेत द्रागुतिनही भावासोबत होता आणि सर्बियन फौज एजियन समुद्रापर्यंत जाऊन आली. मग पोरेच, किचेवो, देबार हेही ताब्यात आले.

समुद्रापर्यंतची ती धाव लुटीची होती, कायमच्या ताब्याची नव्हती. नकाशात तिथवर सर्बियाचा रंग भरलेला दिसला तर तो चुकीचा समजावा. कायमची सीमा साधारणपणे ओह्रिद–प्रिलेप–श्तिप या रेषेच्या उत्तरेला राहिली. ही शहरं बायझंटाइनांकडेच होती.

तातारांचा खान नोगाय या कथेत कुठून आला?

आजच्या बल्गेरियातल्या विदिनमार्गे. विदिनचा शासक शिश्मान नोगायच्या छायेत होता. तो १२९२च्या सुमारास थेट ह्वोस्नोपर्यंत, म्हणजे पेचच्या परिसरात, घुसला. मिलुतिनने त्याला मागे रेटत विदिन गाठलं. शिश्मानचं राज्य खालसा करण्याऐवजी त्याने सोयरीक केली: शिश्मानला एका सर्बियन सरदाराची मुलगी दिली, आणि स्वतःची मुलगी नेदा हिचं लग्न शिश्मानचा मुलगा मिखाईल याच्याशी लावलं. तरी नोगाय चिडलाच. त्याची स्वारी टाळण्यासाठी मिलुतिनने मुलगा स्टेफान आणि काही सरदारपुत्र ओलीस म्हणून पाठवले. नोगाय १२९९ मध्ये मारला गेला, आणि त्या धामधुमीत स्टेफान परतला. हा मुलगा पुढे पुन्हा भेटेल.

एवढ्या युद्धांना आणि बांधकामांना पैसा कुठून आला?

मुख्यतः चांदीतून. आजच्या माँटेनेग्रोतल्या मोय्कोवात्सजवळची ब्र्स्कोवोची खाण बापाच्या काळातच सुरू झाली होती. खाणकाम करणारे ‘सासी’, म्हणजे जर्मन भाषक सॅक्सन कारागीर. त्यांना स्वतःचे कायदे आणि स्वतःचं कॅथलिक चर्च ठेवायची मुभा होती. मिलुतिनच्या काळात रुदनिक (पहिला उल्लेख १२९३) आणि त्रेप्चा (१३०३) पुढे आल्या.

इथली बरीचशी चांदी शिशाच्या खनिजात मिसळलेली असे. खनिज फोडून भाजायचं, भट्टीत वितळवून शिसं काढायचं आणि मग ते शिसं सच्छिद्र मुशीत तापवून त्यावर भात्याने हवा मारत राहायची. शिशाची राख होऊन ती मुशीत मुरते किंवा वरून काढता येते, आणि तळाशी चांदी उरते. हवा कमी पडली तर चांदीत शिसं राहतं आणि नाणं हिणकस होतं. या कामाला कोळसा प्रचंड लागतो, म्हणून खाणीइतकंच महत्त्व भोवतालच्या जंगलाला होतं.

राजा स्वतः खाण चालवत नसे. खाणींचा हिस्सा, टांकसाळ आणि जकात दुब्रोव्निक आणि कोतोर या किनाऱ्यावरच्या शहरांच्या व्यापाऱ्यांना मक्त्याने दिली जाई आणि रोकड राजाकडे येई. शिवाय दुब्रोव्निक शहर व्यापाराच्या सवलतींसाठी दरवर्षी संत दिमित्रीच्या दिवशी २,००० पेर्पेर (त्या काळचं हिशेबाचं चलन) भरत असे. तरीही १३०१–०२ आणि १३१७–१८ मध्ये त्याच शहराशी लढाया झाल्या. व्यापारी राजावर अवलंबून होते आणि राजा व्यापाऱ्यांवर, त्यामुळे प्रत्येक भांडण थोड्याच काळात मिटलं.

त्याने व्हेनिसची खोटी नाणी पाडली, हे खरं का?

खोटी म्हणणं बरोबर नाही, नक्कल म्हणावं. व्हेनिसचा चांदीचा ग्रोसो हा त्या काळचा विश्वासू शिक्का. त्याच्या एका बाजूला सिंहासनावर ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला संत मार्ककडून ध्वज घेणारा व्हेनिसचा शासक. सर्बियन दिनारावर हीच मांडणी, फक्त संत मार्कच्या जागी संत स्टेफान आणि शासकाच्या जागी सर्बियन राजा. कडेच्या लॅटिन अक्षरांत राजाचं नाव स्पष्ट असे, म्हणजे लपवाछपवी नव्हती. अडचण चांदीच्या प्रमाणाची होती. व्हेनिसचा ग्रोसो साधारण २.१८ ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध. सर्बियन नाण्यात चांदी कमी. दिसायला सारखं आणि आतून हलकं नाणं बाजारात आलं की लोक हलकं खर्चतात आणि चांगलं घरात ठेवतात. म्हणूनच व्हेनिसने १२८२ मध्ये ब्र्स्कोवोची नाणी वेगळी काढायचा आदेश दिला.

दान्तेने आपल्या महाकाव्याच्या ‘स्वर्ग’ खंडात वाईट राजांच्या यादीत रास्कियाच्या, म्हणजे सर्बियाच्या, राजाला व्हेनिसच्या नाण्यावरून बसवलं आहे. तो राजा मिलुतिनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण नक्कल बापाच्या आणि भावाच्या काळापासून चालू होती. मिलुतिनच्या टांकसाळींनी पुढे वेगळ्या मांडणीची नाणीही पाडली: ध्वजाच्या जागी दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस.

ओळखायचं असेल तर आधी दोन आकृत्यांमधली वस्तू पाहावी, ध्वज की क्रूस. मग कडेची अक्षरं. नुसत्या राजाच्या चित्रावरून ठरवायला गेलं तर चूक ठरलेली.

त्याची लग्नं नेमकी किती झाली?

चार की पाच, यावर मतभेद आहेत, कारण पहिल्या काहींचा क्रम लागत नाही. ज्यांच्याबद्दल बोलता येतं त्या अशा. एक येलेना, बहुधा सर्बियन घराण्यातली. एक थेसलीचा शासक योआनिस दुकास याची मुलगी. एक हंगेरीची एलिझाबेथ: द्रागुतिनच्या बायकोची सख्खी बहीण, आणि त्यातही दीक्षा घेतलेली साध्वी, त्यामुळे चर्चच्या नियमांत हे लग्न कुठेच बसत नव्हतं. एक आना, बल्गेरियाचा सम्राट जॉर्ज तेर्तेर याची मुलगी. शेवटची सिमोनिदा. प्रत्येक लग्नासमोर त्या वर्षीचा शेजारी ठेवला की कारण दिसतं: थेसली बायझंटाइनांच्या विरोधात, हंगेरी भावाचा पाठिराखा, बल्गेरिया पूर्वेचा धोका.

सिमोनिदा लग्नात पाच वर्षांची होती, हे खरं आहे?

खरं आहे. १२९९ मध्ये ती सुमारे पाच वर्षांची होती आणि मिलुतिन पंचेचाळिशी ओलांडलेला. त्या काळात असं चालायचं, एवढं म्हणून हा प्रश्न सोडवता येत नाही. त्याच काळातल्या लोकांनाही हे लग्न चुकीचं वाटलं होतं. बायझंटाइन कायद्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय १२ होतं. चौथं लग्न ऑर्थोडॉक्स चर्चला मुळातच मान्य नव्हतं. कॉन्स्टँटिनोपलचा पेट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, जॉन बारावा याने निषेध म्हणून काही महिने काम सोडलं.

मग झालं कसं? आंद्रोनिकोस दुसऱ्याला आशिया मायनरमध्ये तुर्कांशी लढायचं होतं आणि बाल्कनमधली आघाडी शांत हवी होती. सर्बियन स्वाऱ्या थांबत नव्हत्या. त्याने आधी आपली विधवा बहीण एव्दोकिया पुढे केली. तिने साफ नकार दिला. मग मुलगी. वाटाघाटींसाठी विद्वान मुत्सद्दी थिओडोर मेटोखिटीस पाच वेळा सर्बियात जाऊन आला. त्याने लिहिलेल्या वृत्तांतात सोन्याचांदीच्या ताटांनी आणि बायझंटाइन थाटाने सजलेला दरबार दिसतो. चौथ्या लग्नाची अडचण सम्राटाने असा युक्तिवाद करून सोडवली: पहिली बायको जिवंत असताना झालेली मधली लग्नं वैध नव्हतीच, आणि आता ती पहिली वारली आहे, म्हणून राजा मोकळा आहे.

देवाणघेवाण वार्दार नदीवर झाली. बायझंटाइनांनी सिमोनिदा दिली. मिलुतिनने आना तेर्तेर आणि त्याच्याकडे आश्रय घेतलेला बायझंटाइन फितूर कोतानित्स यांना परत केलं. आधीच जिंकलेला मुलूख आता आंदण म्हणून कागदावर आला, आणि मिलुतिनला हवं होतं ते हेच: तलवारीने घेतलेल्या जमिनीवर सम्राटाची मोहोर.

तिच्या नावाचीही नोंद आहे. आधीच्या मुली जगल्या नव्हत्या, म्हणून बारा प्रेषितांच्या चित्रांपुढे सारख्या मेणबत्त्या लावल्या गेल्या. शेवटपर्यंत जळली ती सायमनपुढची, म्हणून सिमोनिस, सर्बियनमध्ये सिमोनिदा.

तिला मूल झालं नाही. मिलुतिनने वय होण्याची वाट पाहिली नाही आणि त्यामुळे तिला कायमची इजा झाली, असं इतिहासकार निकिफोरोस ग्रिगोरास लिहितो. तो सर्बियाचा मित्र नव्हता, पण बाकीच्या घटना त्याच्या म्हणण्याशी जुळतात. आई वारल्यावर ती अंत्यसंस्काराला गेली आणि परतताना सेरेसमध्ये तिने साध्वीची वस्त्रं घातली. तिच्या सावत्र भावाने ती उतरवून तिला सर्बियन माणसांच्या हवाली केलं. १३२१ मध्ये नवरा वारल्यावर ती कॉन्स्टँटिनोपलला गेली आणि मठात राहिली. कोसोवोतल्या ग्राचानित्सा चर्चमधल्या तिच्या भित्तिचित्राचे डोळे खरवडलेले आहेत. ते चित्र बघताना मुकुट आणि भरजरी वस्त्रांच्या मागे असलेली ही हकिकत माहीत असायला हवी.

भावाशी युद्ध का झालं आणि कोण जिंकलं?

१२९९ नंतर मिलुतिनला स्वतःच्या पसंतीचा वारस बसवता येईल असं दिसू लागलं, म्हणजे व्लादिस्लावचा हक्क गेला. १३०१च्या सुमारास भाऊ लढू लागले आणि मधल्या विरामांसह सुमारे दहा वर्षं लढले. बरेच सरदार द्रागुतिनकडे झुकले. मिलुतिनचं वाचलं ते खाणींमुळे. सरदार पाठ फिरवत असताना त्याने रोख पगारावर तातार, तुर्क आणि यासी (अलान) घोडेस्वार आणले. धर्मगुरूही त्याच्या बाजूने होते. तह १३११–१२च्या सुमारास झाला. द्रागुतिन १३१६ मध्ये वारला. मिलुतिनने व्लादिस्लावला कैदेत टाकलं आणि बेलग्रेडपर्यंतचा मुलूख घेतला. तो फार टिकला नाही. हंगेरीच्या चार्ल्स रॉबर्टने १३१९ पर्यंत माच्वा आणि बेलग्रेड परत घेतलं.

तो कॅथलिक व्हायला तयार होता का?

कागदावर, हो. २७ मार्च १३०८ रोजी मेलूनजवळच्या लीस मठात त्याच्या दूतांनी वालुआच्या चार्ल्सशी, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या भावाशी, करार केला. चार्ल्सला कॉन्स्टँटिनोपलची गादी हवी होती. मिलुतिनने मदत आणि धर्मांतर कबूल केलं, बदल्यात मॅसिडोनियातल्या मुलखाला मान्यता मागितली, आणि मुलगी चार्ल्सच्या मुलाला द्यायचंही ठरलं. मोहीम निघालीच नाही आणि धर्मांतरही झालं नाही. त्याची आई आंजूची येलेना कॅथलिक होती, किनाऱ्यावरची प्रजा कॅथलिक होती, त्यामुळे पोपशी बोलणं त्याला परकं नव्हतं. द्रागुतिनशी युद्ध ऐन भरात असताना पश्चिमेकडून कोणी पाठीत वार करू नये, एवढा या कराराचा उपयोग झाला.

चारच वर्षांनी, १३१२च्या सुमारास, तोच राजा सासऱ्याच्या मदतीला सुमारे २,००० घोडेस्वार पाठवतो आणि थ्रेसमध्ये धुमाकूळ घालणाऱ्या हलीलच्या तुर्क टोळीचा बीमोड होतो.

त्याने मुलाचे डोळे खरंच काढले?

काढायला लावले. झेता प्रांत सांभाळणाऱ्या स्टेफानने १३१४च्या सुमारास बंड केलं. बापाने ते मोडलं आणि स्कोप्येत त्याला आंधळं करायचा हुकूम दिला. बायझंटाइन पद्धतीत या शिक्षेचा उद्देश माणूस जिवंत ठेवून त्याला राज्यासाठी अपात्र करणं हा होता. मग त्याला लहान दुशानसह कॉन्स्टँटिनोपलच्या पांतोक्रातोर मठात धाडलं. काही वर्षांनी माफी मिळून तो परतला, डोळ्यांवर पट्टी बांधूनच. मिलुतिन वारल्यावर त्याने दिसत असल्याचं जाहीर केलं आणि संत निकोलसची कृपा हे कारण सांगितलं. दृष्टी पूर्ण गेलीच नव्हती, हे उघड आहे. शिक्षा करणाऱ्याने हात आखडता घेतला असावा.

त्याने चाळीस चर्चेस बांधली असं म्हणतात. खरी कोणती?

राज्याच्या दर वर्षाला एक, असा तो परंपरेतला हिशेब आहे. त्यातली बरीच जुन्या चर्चची डागडुजी किंवा पुनर्बांधणी होती. खात्रीने त्याची आणि आजही पाहता येतील अशी काही पुढे दिली आहेत.

प्रिझ्रेनमधलं देवमातेचं ल्येविश्का चर्च (१३०६–०७) हे जुन्या बॅसिलिकावर पाच घुमट चढवून केलेलं. बांधणारा निकोला आणि चित्रकार आस्त्रापास यांची नावं तिथल्या लेखात आहेत, आणि कारागिरांची नावं टिकणं त्या काळात दुर्मिळ.

स्तुदेनित्सा मठाच्या आवारातलं ‘राजाचं चर्च’ योआकिम आणि आना यांना वाहिलेलं, एका घुमटाचं, अगदी लहान. बाहेरच्या भिंतीवरच्या लेखात मिलुतिन स्वतःला नेमान्याचा पणतू म्हणवतो. घराण्याच्या मूळपुरुषाच्या समाधीपासून काही पावलांवर हे लिहून ठेवणं म्हणजे देझेवोच्या वादाला दगडात दिलेलं उत्तर.

उत्तर मॅसिडोनियात कुमानोवोजवळ स्तारो नागोरिचानो इथलं संत जॉर्जचं चर्च १३१२–१३चं. दारावरच्या लेखात तुर्कांवरच्या विजयाचा उल्लेख आहे. चित्रं १३१७–१८ची, मिखाईल आणि एव्तिहिये या जोडीची. त्यांनी सह्या योद्धा-संतांच्या वस्त्रांवर आणि शस्त्रांवर केल्या आहेत, त्यामुळे भिंतीवर नेहमीच्या जागी शोधणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

बान्स्का हे त्याने स्वतःच्या समाधीसाठी १३१२–१६ दरम्यान बांधलेलं. देखरेख दानिलोकडे, जो पुढे आर्चबिशप झाला. बाकी इमारती बायझंटाइन वळणाच्या असताना इथे मुद्दाम घराण्याची जुनी रास्का पद्धत: एकच सभागृह, बाहेरून घासलेल्या तीन रंगांच्या दगडाचे थर, दारावर शिल्प. तिथली देवमातेची मूर्ती आता सोकोलित्सा मठात आहे. बान्स्काच्या दानपत्रात सत्तरहून अधिक गावं आणि मेंढपाळांच्या वस्त्या नेमून दिल्या आहेत आणि त्यांनी किती दिवस नांगरायचं, काय वाहून आणायचं, हेही नोंदवलं आहे. मध्ययुगीन सर्बियन शेतकऱ्याचं जगणं समजायला यासारखा दुसरा कागद कमीच.

ग्राचानित्सा सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सुंदर. कोसोवोत प्रिश्तिनापासून साधारण १० किलोमीटरवर. दगड आणि विटांचे आलटूनपालटून थर, कमानींवर कमानी, चार कोपऱ्यांत चार लहान घुमट आणि मधला त्यांच्यावरून उसळलेला. आत उंची जास्त आणि रुंदी कमी, त्यामुळे वरची चित्रं खालून नीट दिसत नाहीत, दुर्बीण न्यावी. नार्थेक्समधून, म्हणजे प्रवेशदालनातून, आत जाताना कमानीत मिलुतिन आणि सिमोनिदा समोरासमोर उभे आहेत, त्याच्या हातात चर्चची प्रतिकृती, वरून देवदूत मुकुट आणतात. नेमानिच वंशवेल इथेच पहिल्यांदा वेलीच्या रूपात रंगवला गेला. पुढचं बाह्य दालन नंतरचं आहे, ते मूळ रचनेत धरू नये.

सर्बियाबाहेर त्याने काय बांधलं?

ग्रीसमधल्या आथोस पर्वतावर हिलांदार मठाचं मुख्य चर्च. जेरुसलेममध्ये मुख्य देवदूतांचा मठ. आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये पेत्रा भागातल्या संत योहानाच्या मठाजवळ ‘राजाचं रुग्णालय’. हे रुग्णालय त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षं चाललं आणि १५व्या शतकात तिथे वैद्यकाचं शिक्षणही दिलं जात होतं. इटलीतल्या बारी इथे संत निकोलसच्या समाधीसाठी त्याने १३१९ मध्ये चांदीची वेदी दिली, करणारा कोतोरचा ओब्राद. ती पुढे १७व्या शतकात वितळवली गेली.

शेवट कसा झाला? आणि त्याचे अवशेष बल्गेरियात कसे?

२९ ऑक्टोबर १३२१ रोजी नेरोदिम्ल्येत. अचानक आजारी पडला, वाचा गेली, वारस नीट ठरलाच नाही. मिलुतिनचा दुसरा मुलगा कॉन्स्टंटिन, स्टेफान आणि कैदेतून सुटलेला व्लादिस्लाव असे तीन दावेदार उभे राहिले, आणि भाडोत्री सैनिक मोकळे सुटल्यामुळे बान्स्काकडे निघालेल्या अंत्ययात्रेचीही वाट सुरक्षित राहिली नाही. ६ जानेवारी १३२२ रोजी स्टेफान देचान्स्कीचा राज्याभिषेक झाला.

तीनएक वर्षांत मिलुतिनला संत मानलं गेलं. कोसोवोच्या १३८९च्या लढाईनंतर अवशेष बान्स्काहून त्रेप्चाला आणि तिथून १४६०च्या सुमारास सोफियाला गेले. आज ते तिथल्या स्वेता नेदेल्या चर्चमध्ये आहेत. लोक त्याला ‘संत राजा’ म्हणतात. स्मृतिदिन जुन्या पंचांगाने ३० ऑक्टोबर, म्हणजे आत्ताचा १२ नोव्हेंबर.

कोणत्या जुन्या लेखकावर किती विश्वास ठेवावा?

दानिलोने लिहिलेलं चरित्र आतल्या माणसाचं आहे: तारखा, ठिकाणं, बांधकामं यांबद्दल उत्तम, भावाभावांच्या अटींबद्दल गप्प. बायझंटाइन इतिहासकार पाखिमेरिस सिमोनिदाच्या लग्नाच्या काळात कॉन्स्टँटिनोपलमध्येच होता, त्यामुळे त्या प्रकरणात तो सर्वांत मोलाचा. मेटोखिटीसने आपलं काम यशस्वी झाल्याचं दाखवायला दरबाराचं वैभव फुगवलेलं असू शकतं. ग्रिगोरास नंतरचा. नाणी, दानपत्रं आणि भिंतींवरचे लेख या सगळ्यांच्या वर ठेवावेत.

भिंतीवरचं साल ६८२२ असं काही दिसतं. ते आपल्या सनात कसं आणायचं?

ही गणना जगाच्या उत्पत्तीपासूनची आणि वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. जानेवारी ते ऑगस्टमधली घटना असेल तर ५५०८ वजा करावेत, सप्टेंबर ते डिसेंबर असेल तर ५५०९. महिना दिलेला नसेल तर उत्तर जोडसालात द्यावं: ६८२२ म्हणजे १३१३–१४. मिलुतिनचा मृत्यू ऑक्टोबरमधला, म्हणून ६८३० वजा ५५०९, १३२१. पडताळा घ्यायचा तर जागतिक वर्षाला १५ ने भागून बाकी पाहावी. लेखात शेजारी दिलेला ‘इंडिक्ट’, म्हणजे पंधरा वर्षांच्या चक्रातला वर्षक्रमांक, तोच असायला हवा. ६८२२ ची बाकी १२. जुळली नाही तर एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं आहे, कारण आकडे अक्षरांनीच लिहिलेले असतात.

भारतातून जाऊन हे पाहायचं तर काय लक्षात ठेवावं?

भारताने कोसोवोला मान्यता दिलेली नाही आणि सर्बिया ते स्वतःचाच भाग मानतो. म्हणून आधी सर्बियात रीतसर प्रवेश करून मग कोसोवोत जावं आणि त्याच वाटेने परतावं. थेट कोसोवोत उतरून नंतर सर्बियाच्या सीमेवर गेल्यास परत पाठवलं जाण्याची शक्यता असते. दोन्हीकडचे व्हिसाचे नियम निघण्याआधी ताजे तपासावेत. ल्येविश्का चर्च मार्च २००४ च्या दंगलीत जाळलं गेलं. ग्राचानित्सासह ते २००६ पासून युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत आहे आणि बहुधा कुलूपबंद असतं, आधी विचारून जावं. बान्स्काला सप्टेंबर २०२३ मध्ये सशस्त्र चकमक झाली होती, तेव्हा तिथली परिस्थिती आदल्या दिवशी विचारावी. हिलांदारला फक्त पुरुषांना, आणि परवाना घेऊनच, जाता येतं. वेळ किंवा कागदपत्रं कमी असतील तर स्तुदेनित्सा निवडावं: सर्बियाच्या आत आहे, राजाचं चर्च तिथे आहे आणि नेमान्याची समाधीही त्याच आवारात आहे. मठांत खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि भित्तिचित्रांचे फोटो काढण्याआधी विचारावं.